सेनापतीचं न पटणारं वाक्य

प्रकाशनगृहाच्या विश्वासार्हता विभागात तिघं जण होते आणि तिघांचं काम एकच होतं: कादंबरीतला दिवंगत नायक वाचकांना खरा वाटला पाहिजे. तलवारवाले त्याची शस्त्रं तपासत, पोशाखवाले त्याची बटणं आणि बाई त्याचं बोलणं. नायक मेलेला आहे याबद्दल विभागाची कधी हरकत नसे. वाचकांचीही नसे. भिंतीतून आलेल्या सरदाराच्या अंगरख्याला चुकीच्या शतकाचं बटण लागलं, की मात्र गहजब होई.

या कादंबऱ्या तुफान खपत. शापित किल्ला, तीनशे वर्षांपूर्वी मेलेला सेनापती आणि त्याच्यावर जीव जडलेली कुणी एक जिवंत बाई. तो वाऱ्यासारखा येई, धुक्यासारखा जाई. दार वाजत नसे, पायरी कुरकुरत नसे. "बायकांना इतिहासाची ओढ असते," असं प्रकाशनगृहाचे साहेब दर बैठकीत सांगत. दोघे पुरुष माना डोलावत. बाई खिडकीबाहेर बघत.

नव्या कादंबरीत सेनापती शत्रूची फौज नुसत्या नजरेने गोठवतो. ते मंजूर झालं. चांदण्याच्या झोतावरून घोडा दौडवतो. तलवारवाल्यांनी खोगिराची चौकशी केली आणि तेही मंजूर केलं. मग एका प्रकरणात किल्ल्यावर शिवणकाम करणारी नायिका दिवसभर राबून चुलीपाशी येते. सेनापती भिंतीतून प्रकटतो आणि म्हणतो, "दमलीस ना? बैस. मी करतो." आणि करतो. भांडी घासतो, पुसतो, जागच्या जागी ठेवतो.

बाईंनी ते वाक्य वाचलं. परत वाचलं. चष्मा काढून पुसला आणि समासात 'मंजूर' लिहिलं.

साहेबांनी लगेच तिघांनाही बोलावून घेतलं. "बाई, याला आधार काय?"

"कशाला, साहेब?"

"हा माणूस उठला. भांडी घासली. कुणी सांगितलेलं नाही. का?"

"भूत आहे तो, साहेब."

"भूत आहे म्हणून काहीही करेल? वाचक काय खुळे आहेत?"

तलवारवाल्यांनी घसा खाकरला. "मी तीन शतकं पालथी घातली. लढाया आहेत, तह आहेत, विषप्रयोग तर पोत्याने आहेत. हे कुठेच नाही."

"'करतो' असं म्हटल्याचे दाखले आहेत," पोशाखवाल्यांनी न्यायबुद्धीने सांगितलं. "त्यानंतर उठल्याचे नाहीत."

"तिच्यासाठी त्याला एखादं राज्य जाळू द्या ना," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "राज्य जाळलेलं पटतं."

इतक्या वर्षांत बाई कुठल्या वाक्यासाठी भांडल्या नव्हत्या. मोठमोठ्या शपथा, चंद्रसूर्याच्या साक्षी त्यांनी एका रेघेने उडवल्या होत्या. हे वाक्य मात्र पदराच्या गाठीत बांधून ठेवावं असं त्यांना वाटत होतं. ते छापलं जावं, निदान कागदावर तरी कुणीतरी ते कुणालातरी म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं.

"मग करून बघा की," त्या म्हणाल्या. "आज घरी जाऊन तुम्ही तिघांनी हेच म्हणा. पटलं तर ठेवू, नाही पटलं तर मीच काढते."

साहेबांना कल्पना शास्त्रीय वाटली. 'क्षेत्रीय पडताळणी' असं नाव देऊन त्यांनी तसा हुकूमच काढला.

दुसऱ्या दिवशी अहवाल आले. साहेबांच्या पत्नीने वाक्य शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "नोकरी गेली का?" तलवारवाल्यांच्या पत्नीने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि डॉक्टरांना फोन केला. पोशाखवाल्यांची पत्नी बसली आणि रडायला लागली. ती थांबेचना, तेव्हा पोशाखवाले घाबरून फिरायला निघून गेले. भांडी राहिलीच.

बाईंच्या घरी पडताळणी अवघड होती, कारण वाक्य समोरून यायला हवं होतं. त्यांनी ते पान नवऱ्यापुढे धरलं. "अहो, जरा बघता का? खरं वाटतं का सांगा."

त्याने मन लावून वाचलं. "छान आहे गं. भिंतीतून येतो ते तर अगदी डोळ्यांपुढे उभं राहतं."

"आणि त्यापुढचं?"

"ते जरा अतीच झालं. पण चालायचंच, भुताची गोष्ट आहे," तो म्हणाला आणि चहाचा रिकामा कप बाईंच्या हातात दिला.

शेवटी साहेबांनीच तोडगा काढला. वाक्य राहील, पण पहिल्या पानावर खुलासा जाईल: 'या कादंबरीतील किल्ला, शाप व सेनापतीचे पिशाच यांची प्रकाशकांनी पुरेशी खातरजमा केली आहे. चुलीपाशी घडणारा प्रसंग मात्र सर्वस्वी काल्पनिक असून त्याचे कोणत्याही हयात पुरुषाशी साम्य आढळल्यास तो योगायोग समजावा.'

असा योगायोग कुठूनही कळवण्यात आला नाही. आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. बायका ते पान उघडं ठेवून पुस्तक घरात सोडू लागल्या. कुणी जेवणाच्या टेबलावर, कुणी टीव्हीपुढे, कुणी थेट त्याच्या उशीवर. नवऱ्यांची पसंतीची पत्रंही प्रकाशनगृहात आली. तलवारीचं वर्णन बिनचूक असल्याचं त्यात आवर्जून म्हटलं होतं.

बाईंनीही एक प्रत घरी नेली. ते पान उघडून ओट्यावर ठेवली, अगदी नळाशेजारी, भांड्यांच्या ढिगाला टेकवून. मग बाहेरच्या खोलीत जाऊन हात मांडीत घेऊन बसल्या.

नवरा पाणी प्यायला आत गेला. बराच वेळ आला नाही. बाई नळाच्या आवाजाची वाट बघत राहिल्या.

तो पुस्तक घेऊन बाहेर आला. बाहीने त्याच्यावरचे थेंब टिपले, हलक्या हाताने ते मिटलं आणि कपाटात उभं ठेवलं. "अगं, ओट्यावर काय ठेवतेस? भिजलं असतं ना," तो मायेने म्हणाला.

माणूस वाईट नव्हता. पुस्तकांवर त्याचा फार जीव. तुमचाही असणारच, म्हणून तर ही गोष्ट इथवर वाचलीत, बहुतेक बसूनच. तुमच्याही घरात आतून भांड्यांचा आवाज येतोय. ते भूत नव्हे.