मंजूर पुस्तकातले दूध

बोरवंड हे गाव बारामतीहून जितके गैरसोयीचे तितकेच इंदापूरहूनही गैरसोयीचे. त्यामुळे दोन्हीकडच्या अंमलदारांचे त्याच्याकडे सारखेच दुर्लक्ष होते आणि गाव सुखात होते. हे सुख एकोणीसशे छत्तीस साली दसऱ्याच्या सुमारास संपले. वरच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी ध्यानात आले, की शाळेतली मुले गणिते घोकतात, पण त्यांना ती दिसत नाहीत. ताबडतोब हुकूम सुटला. यापुढे गणिताचे प्रत्येक उदाहरण प्रत्यक्ष वस्तू समोर ठेवून शिकवावे, आणि तसे शिकवल्याबद्दलचा अहवाल पाठवावा.

बोरवंडच्या रामहरी मास्तरांनी हुकूम मनावर घेतला. मास्तर स्वभावाने वाईट नव्हते, आज्ञाधारक होते. गवंड्यांचे उदाहरण त्यांनी शाळेच्या पडक्या भिंतीवर करून दाखवले आणि भिंत उभी राहिली. हौदाच्या दोन तोट्यांचे उदाहरण शाळेच्या हौदावर केले. त्या आठवड्यात मुलांना प्यायला पाणी नव्हते, पण उत्तर आले. मग चौदावे उदाहरण आले.

‘एका गवळ्यानें दुधांत पाणी मिसळून तें मिश्रण दुधाच्या खरेदीच्या भावानेंच विकलें, तेव्हां त्यास शेंकडा २५ नफा झाला. तर त्यानें दूध व पाणी कोणत्या प्रमाणांत मिसळलें?’

हे वाचून वर्गात कुणालाच काही वाटले नाही. वाटायचे कारणही नव्हते. पुस्तकातल्या गवळ्याला कुणी कधी पकडत नाही. त्याचे प्रमाण काढतात आणि त्याला सोडून देतात.

अडचण एवढीच होती, की पाणी घालणारा गवळी बोरवंडात मिळेना. दूध विकणारी एकच, फुलाबाई. गावाबाहेर एका छपरात ती आणि तिच्या दोन म्हशी राहत. लोकल बोर्डाच्या दवाखान्यात तिचा दुधाचा रतीब होता आणि त्या दिवसांत तिची लेक म्हाळसा त्याच दवाखान्यात खाटेवर होती. विषमज्वर उतरला होता, पण अन्न पोटात ठरत नव्हते. दुधाखेरीज काही द्यायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. म्हणजे फुलाबाई जे दूध घाली, त्याच्यावरच तिची लेक तगून होती.

मास्तरांनी तिला चरवीसकट शाळेत बोलावले.

“फुलाबाई, दुधात पाणी किती घालता?”

“न्हाय घालत.”

“अहो, तक्रार म्हणून विचारत नाही. गणितासाठी विचारतोय.”

“गनितासाठी बी न्हाय घालत.”

“अगदी थोडंसं?”

“मास्तर, आजाऱ्यांचं दूध हाय त्ये. माजी म्हाळसा तितंच पडलीया. तिच्या तोंडात म्या पानी वतू व्हय?”

ही बाई उदाहरणात बसत नाही, असे मास्तरांनी मुलांना समजावून सांगितले आणि स्वतःच्या घरचे दूध आणवले. चार शेर दुधात एक शेर पाणी घातले. चार शेरांची किंमत, पाच शेरांची विक्री, नफा शेकडा पंचवीस. दूध चार, पाणी एक. मुलांनी उत्तर पिऊन टाकले. मग रीतीप्रमाणे मास्तरांनी पुस्तकाचे मागचे पान उघडले. तिथे छापले होते, तीनास एक.

मास्तरांनी गणित फळ्यावर केले, पाटीवर केले, बायकोकडून तुरीची डाळ आणि तांदूळ मागून घेऊन त्यांच्यावर केले. दर वेळी चारास एकच आले. शेवटी त्यांनी अत्यंत नम्रपणे वर लिहिले, की मागच्या पानावर छापखान्याची चूक झाली असावी. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी स्वतःच्या डोक्याने लिहिलेले हे पहिलेच वाक्य होते, आणि ते त्यांना भोवले. उत्तरादाखल शाळा तपासणारे दिपोटीसाहेब स्वतःच बारामतीहून सर्व्हिस मोटारने धूळ खात आले.

“मास्तर, हे पुस्तक मंजूर झालेलं आहे की नाही?”

“झालेलं आहे, साहेब.”

“आणि तुमचं दूध कुणी मंजूर केलंय?”

“कुणीच नाही, साहेब.”

“मग चूक कुठे असायला हवी?”

“दुधात,” मास्तर म्हणाले.

साहेबांचा राग निवळला. चूक दुधात आहे असे ठरल्यावर दुधाची चौकशी करणे भाग होते. फुलाबाईला पुन्हा बोलावणे गेले. दवाखान्याचा कंपाउंडर सरदारभाई दूध तपासायची काचेची नळी घेऊन आला. बोर्डाचे अध्यक्ष आबासाहेब खुर्चीवर येऊन बसले. आबासाहेबांच्या डोक्यावर पगडी असे आणि कोटाच्या खिशात खादीची टोपी असे. निवडणुका तोंडावर होत्या आणि वारा कुठून सुटेल ते सांगता येत नव्हते.

सरदारभाईने नळी बुडवली, वर धरली, पुसली आणि खाली ठेवली. “सायेब, ह्या दुधात पानी न्हाय. कंदीच घावलं न्हाय.”

साहेबांनी फुलाबाईकडे पाहिले. “प्रमाणाला दोन पदं लागतात, बाई. तुझं दुसरं पद कुठाय?”

“मला काय ठावं, सायेब. म्हशीनं दिलं, ते आनलं.”

“दुधाच्या खरेदीचा भाव काय?”

“इकत कशाला घिऊ? म्हस माजीच हाय की.”

साहेबांनी लिहून घेतले, की ही बाई दूध खरेदी करीत नाही, मिसळीत नाही आणि शेकडा पंचवीस नफाही घेत नाही. लेखणी ठेवून ते आबासाहेबांना म्हणाले, “सरकारी पुस्तकात सांगितलेली एकही गोष्ट ही बाई करत नाही. अशा वागण्याला सध्याच्या दिवसांत काय म्हणतात, ते मी सांगायला नको.”

सांगायला नकोच होते. असल्या वागण्यापायी माणसे येरवड्याला जाऊन आली होती. आबासाहेबांनी टोपी खिशात आणखी खाली ढकलली आणि तिथल्या तिथे ठराव केला. दवाखान्याच्या दुधाचे प्रमाण यापुढे मंजूर पुस्तकातील उत्तराबरहुकूम, म्हणजे दूध तीन व पाणी एक, असे राहील. फुलाबाईला हे कबूल नसल्यास रतीब इंदापूरच्या एका मक्तेदाराला द्यावा. मक्तेदार कधीचा तयार होता. तीन आणि एक यांतले दूध कोणते आणि पाणी कोणते, एवढाच त्याचा प्रश्न होता.

फुलाबाई दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसली. सरदारभाई तिच्या शेजारी टेकला.

“काकू, तुमी सोडलं तर त्यो इंदापूरवाला येनार. त्याच्या दुधावर म्हाळसा जगंल व्हय?”

“आन म्या पानी घातलं तर जगंल?”

“तुमी मोजून घालाल. पानी बी आपल्याच हिरीचं असंल.”

फुलाबाईने बराच वेळ पदराचे टोक पिळले. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या पटांगणात, मुलांना रांगेने बसवून, तिच्याकडून चौदावे उदाहरण करवून घेण्यात आले. तीन मापे दूध, एक माप पाणी. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तिला लाज वाटली. त्या पटांगणात लाज वाटलेली ती एकटीच होती.

तीनास एक पाणी घातले की नफा पंचविसावर थांबत नाही, तेहतिसाच्या वर जातो, हे मास्तरांना कळत होते. ते आबासाहेबांनाही कळले, मास्तरांच्या आधी कळले. पुस्तकात नफा शेकडा पंचवीसच दिला असल्याने फुलाबाईने वरचा नफा घेणे बेकायदेशीर ठरले. तो बोर्डाच्या किरकोळ खात्यात जमा होऊ लागला आणि ते खाते आबासाहेब सांभाळत. त्या दिवसापासून छापखान्याच्या चुकीबद्दल बोरवंडात कुणी बोलले नाही. तेच पुस्तक आणखी पाच वर्षे चालू ठेवावे, अशी शिफारस बोर्डाने एकमताने केली.

इकडे म्हाळसा पातळ दुधावर खंगत चालली. चार दिवसांत तिचा आवाज खोल गेला. मग फुलाबाई रोज चरवीबरोबर पदराखाली शेरभर निर्भेळ दुधाचा तांब्या आणू लागली. सरदारभाई त्या वेळी बाटल्यांवरची धूळ पुसायला घ्यायचा. त्या दिवसांत दवाखान्यातल्या बाटल्या कधी नव्हत्या इतक्या स्वच्छ होत्या. म्हाळसा उठून बसायला लागली, आईशी भांडायला लागली. फुलाबाईच्या जिवात जीव आला.

आणि आबासाहेब तपासणीला आले. खाटांमधून फिरताना ते म्हाळसापाशी थांबले. तिच्या वाटीत जाड साय धरली होती. आबासाहेब दुधावर वाढलेले गृहस्थ होते. मंजूर दुधाला अशी साय येत नाही, हे त्यांनी लांबूनच ओळखले. फुलाबाईने वाटीवर हात धरला. आता रतीबही गेला आणि लेकही गेली, असे तिला वाटले.

“हात काढ,” आबासाहेब म्हणाले. “मी काय कसाई आहे? पोरीला पिऊ दे.”

फुलाबाईने त्यांचे पाय धरले.

“असू दे, असू दे. फक्त बेरीज सांभाळली पाहिजे. दवाखान्यात येणारं एकूण दूध तीनास एक असं ठरलेलं आहे. तुझं हे शेरभर निर्भेळ जास्तीचं आलं. तेवढ्याचं पाणी बाकीच्यांच्या दुधात चढवलं, की झालं. मास्तरांना बोलवा.”

मास्तर आले ते अख्खा वर्ग घेऊनच आले. दोन मिश्रणांचे उदाहरण पुस्तकात पुढच्याच पानावर होते आणि त्यासाठी वस्तू मिळेल की नाही, या काळजीत ते होते. मुले दवाखान्याच्या ओट्यावर पाट्या घेऊन बसली. शेरभर निर्भेळ दुधाला तीनास एक या हिशेबाने पाणी एक तृतीयांश शेर. सगळ्यांचे उत्तर आले. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. इतकी वर्षे शिकवताना असा वर्ग त्यांना मिळाला नव्हता.

फुलाबाईने चरवी पुढे ओढली. आजाऱ्यांचे दूध आहे, असे ती आता म्हणाली नाही. म्हाळसाच्या खाटेकडे एकदा पाहून घेऊन तिने विचारले, “किती वतू, मास्तर?”

मास्तरांनी सांगितले. तिने ओतले. सरदारभाई बाटल्या पुसत राहिला.

पौष संपता संपता म्हाळसा आपल्या पायांनी घरी गेली. फुलाबाईने आनंदाने दवाखान्यात खाटोखाट गूळ वाटला. काहींना तो चावला नाही. पुढे बाकीच्या खाटाही एकेक करून रिकाम्या झाल्या, आणि खाटा रिकाम्या झाल्या म्हणजे रोग हटला, असे बोर्डाच्या अहवालात आले. गणितात बोरवंडची शाळा पहिली आली. दिपोटीसाहेबांना बढती मिळाली. निवडणुकीत वारा फिरला, तेव्हा आबासाहेबांनी पगडी खिशात घातली आणि टोपी डोक्यावर चढवली. दुधाचा ठराव त्यांनी तसाच ठेवला.

चारास एक बरोबर की तीनास एक, हे वाचता वाचता तुम्हीही मनात करून पाहिले असणार. शेराला तृतीयांश शेर पाणी, तेही ताडून घेतले असेल. त्यात आमची चूक निघाली असती, तर एव्हाना तुम्ही पत्र लिहायला बसला असता. त्या दवाखान्यात म्हाळसाखेरीज किती माणसे पडून होती, आणि त्यांतली किती घरी गेली, हे आम्ही कुठेच सांगितले नाही. तुम्हालाही ते अडले नाही. गणिताला तो आकडा लागत नव्हता.