भगवानतात्यांचा पिवळा त्रिकोण

आमच्या इंदापूरकडे लग्नात अक्षता पडण्याआधी आशीर्वादाची भाषणं होतात, आणि दहाव्याला कावळा शिवायची वाट बघताना श्रद्धांजलीची. दोन्ही ठिकाणी माईक मोकळा असतो आणि निवेदक भिडस्त असतो. भगवानतात्यांना एवढं पुरतं.

"एवढंच बोलतो अन् थांबतो," असं म्हणून ते सुरुवात करतात. थांबत नाहीत. नवरा-नवरीला 'सुखानं नांदा' म्हणून एका दमात मोकळे होतात आणि झोपेच्या गोळ्यांवर येतात.

"मंडळी, उसावर फवारायच्या औषधाच्या बाटलीवर त्रिकोण असतो. लाल असला तर लई जहाल, पिवळा त्याच्या खालोखाल, हिरवा असला तर सौम्य. शाळेत न गेलेल्या गड्याला बी कळतंय. आत मराठीत कागद बी असतो. अन् माणसाच्या गोळीवर? मुंगीएवढं इंग्रजी. ही गोळी रोज घेतली तर अंगाला तिची सवय लागती, हे मराठीत कुठं लिवलंय? दाखवा मला."

दाखवणार कोण? मांडवात आचारी पुऱ्या तळत असतो, नवरदेवाचा मामा घड्याळ बघत असतो. एकदा मागून कुणीतरी ओरडलं, "तात्या, दारूचं बी बोला की." तात्या शांतपणे म्हणाले, "ते पुढच्या लग्नात."

तात्या माझे शेजारी. साठी ओलांडलेला, उंच, हडकुळा माणूस. घरचा ऊस, दोन म्हशी आणि एक सुमनकाकू. मी लोणी देवकरला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. आमच्या दोन घरांमध्ये नुसतं तारेचं कुंपण आहे, त्यानं म्हशी अडतात, तात्यांचा आवाज अडत नाही. त्यामुळे त्यांच्या गोळीची कथा मला तोंडपाठ आहे. मेव्हणा गेला. त्या दुःखानं तात्यांची झोप उडाली. डॉक्टरांनी थोड्या दिवसांपुरती गोळी दिली. दिवस संपले, गोळी सुटली नाही.

आता मेव्हण्यासाठी झोप उडालेला माणूस आमच्या तालुक्यात दुसरा नाही. त्यातून या मेव्हण्याशी तात्यांचं कधी धड जमलं नव्हतं. पण माणसाचं मन कोण सांगणार, म्हणून आम्ही सोडून दिलं. भाऊबंदांनी मात्र त्यांचं नाव 'गोळीबाज तात्या' ठेवलं. पारावर ते दिसले की कुणीतरी मुद्दाम जांभई द्यायचं.

तात्या चिडत नसत, पण एक शब्द खपवून घेत नसत. "व्यसनी म्हणायचं न्हाय," ते बोट वर करून सांगत. "गोळी काय हौसंनं आणली व्हय? डॉक्टरनं दिली, सांगितली तशी घेतली. आता सुटंना. अंगाला सवय लागली म्हणा. व्यसनी म्हणलं की माणूस दार लावून बसतंय, अन् दार लावलं की डॉक्टरकडं जाणार कोण?"

"मग तुम्ही का जात नाही?" मी विचारलं, की ते घराकडे बघायचे. "जायचंय. तयारी चाललीय."

दरम्यान त्यांनी दुसरी तयारी केली. ट्रॉलीच्या मागं 'आईचा आशीर्वाद' चिकटवून देणाऱ्या रेडियमवाल्याकडून त्यांनी पिवळे त्रिकोण कापून आणले आणि आपल्या गोळ्यांच्या पाकिटावर लावले. अंधारात पाकीट चमकायला लागलं. उरलेले त्रिकोण घेऊन ते मेडिकलमध्ये गेले आणि अशा प्रत्येक गोळीला लाव म्हणून दुकानदाराच्या मागं लागले.

"तात्या, गिऱ्हाईक घाबरतंय," तो म्हणाला.

"घाबरू दे. घाबरलं की इचारतंय."

लाल का नाही, असं मी विचारलं तर म्हणाले, "लाल बघितला की लोकं एकदम बंद करत्यात. एकदम बंद करायची न्हाय. डॉक्टरला इचारून हळूहळू उतरायचं. म्हणून पिवळा." एवढा विचार करणारा माणूस स्वतः का उतरत नाही, याचा मला मनापासून राग यायचा.

मग बारामतीला काही डॉक्टर मंडळींनी एका सभागृहात याच विषयावर चर्चा ठेवली. तात्यांना कळलं, म्हणजे माझी रविवारची सुट्टी गेली. माझ्याकडे गाडी आहे, हा माझा जुना दोष. सकाळी बघतो तर मागच्या सीटवर सुमनकाकू. काकू अलीकडे लग्नाकार्याला सुद्धा येत नसत. "तिला भांडी घ्यायची हायत," तात्या म्हणाले. भांड्यांची दुकानं मागं पडली तरी काकूंनी गाडी थांबवायला सांगितली नाही. सभागृहात त्या शेवटच्या रांगेत पदर सावरून बसल्या.

तात्या अर्थातच पुढे. प्रश्न विचारा म्हणताच त्यांनी माईक धरला. त्रिकोण झाला, मुंगी झाली. तेवढ्यात कडक इस्त्रीतले एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "शब्दांचे खेळ कशाला? व्यसन ते व्यसन. मनाचा निग्रह नसतो, एवढंच."

"तुमाला चष्मा सुटतो का निग्रहानं?" तात्यांनी विचारलं. सभागृह हसलं.

मंचावरच्या डॉक्टरबाईंना हे आवडलं असावं. त्या म्हणाल्या, "तात्या बरोबर सांगतायत. शरीराला औषधाची सवय लागणं वेगळं आणि व्यसन वेगळं. तात्या, तुम्ही गोळी चुकवलीत की तुम्हाला काय होतं ते सांगा ना. ऐकणाऱ्यांना उपयोग होईल."

"व्हतं म्हणजे... झोप न्हाय लागत."

"आणखी?"

"आणखी..." तात्या थांबले. इतक्या वर्षांत मी त्यांना माईकसमोर थांबलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी टोपी पुढं ओढली, मागं सारली, आणि मागच्या रांगेकडे बघितलं.

"त्यास्नी काय ठावं," मागून आवाज आला. सुमनकाकू उभ्या होत्या. "गोळी मी घेते."

माईक त्यांच्यापर्यंत नेला गेला. तो कसा धरायचा हेही त्यांना माहीत नव्हतं. दोन्ही हातांनी धरला.

"माझा भाऊ गेला, झोप माझी गेली. डॉक्टरांनी थोड्या दिसांच्या दिल्या हुत्या. पुढं मीच जुन्या चिठ्ठीवर आणवत ऱ्हायले. एक दीस चुकली की हाताला कापरं भरतंय, भाकरी थापता येत न्हाय. छाती धडधडती. वाटतंय, आता जीव जातोय. डॉक्टरला सांगायची लाज वाटली. बाई गोळ्यांवर हाय म्हणत्याल, लेकीच्या सासरपातूर जाईल. ह्यास्नी म्हणलं, कुठं बोलू नगा. हे म्हणाले, बोलल्याबिगर मी ऱ्हाणार न्हाय, पर नाव माझं सांगंन." त्यांनी माईक तोंडाजवळ घेतला. "लोकं ह्यांना बघून जांभया देत्यात. मी घरात बसून ऐकते. आता बास झालं."

इस्त्रीवाले गृहस्थ खाली बसले. डॉक्टरबाई मंचावरून उतरून काकूंजवळ आल्या आणि म्हणाल्या, "काकू, ही कमी होते. थोडी थोडी करत, माझ्या देखरेखीखाली. कधी येताय?"

"आलेच हाय की," काकू म्हणाल्या.

डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात काकूंची तपासणी होईपर्यंत मी आणि तात्या बाहेरच्या बाकावर बसलो. मी विचारलं, "म्हणजे तुम्हाला झोप लागते?"

"पडल्या पडल्या," ते ओशाळून म्हणाले. "ती तिकडं टक्क जागी, अन् मी घोरतोय. लई लाज वाटायची, विलास. तिचं जागणं काय वाटून घेता येत न्हाय. मग म्हणलं, बदनामी तरी आपल्याकडं घ्यावी."

मी उगाच गाडीची किल्ली खिशात शोधत बसलो, ती हातातच होती.

परतताना निमगाव केतकी आलं. तात्या हळूच मागं वळून म्हणाले, "सभेत तितं आपल्या गावची माणसं हुती. मीराच्या सासरी कळंल गं."

काकूंनी पिशवीतून फोन काढला आणि लेकीला लावला. "मीरा, तुझ्या सासूबाई जवळ हायत का? मग फोन स्पीकरवर टाक. मला जे सांगायचंय ते त्यास्नी बी ऐकू दे."

आवाज नीट जावा म्हणून तात्यांनी मला गाडी कडेला घेऊन बंद करायला सांगितली.