तेलाच्या डब्यावरचं स्पॅनिश

"मुकुंदराव, तो कॉलम रिकामा नका सोडू," नाना म्हणाले. "नाहीतर पहिल्याच यादीत भोपाळ. पक्कं समजा."

मध्य भारत मोडून नवा प्रांत व्हायचा होता, राजधानी भोपाळला जायची होती आणि ग्वाल्हेरच्या कचेऱ्यांतले कारकून फॉर्म भरत बसले होते. कोण जाणार, कोण राहणार, ते या फॉर्मवरून ठरायचं होतं. नाना म्हणजे मुकुंदरावांच्या शेजारच्या टेबलावरचे. सरकारच्या मनात काय चाललंय हे त्यांना सरकारच्या आधी कळायचं, असं निदान त्यांचं म्हणणं होतं.

"कॉलम कसला, तर अवगत परदेशी भाषा. किल्ला बघायला बाहेरचे पाहुणे येतात ना? भाषावाल्यांना इथून हलवणारच नाहीत."

"पण मला कुठली येते?"

"कुणाला येते? अशी लिहा की तपासणाराच भेटणार नाही."

मुकुंदराव एरवी खोटं बोलणारे नव्हते. पण नऊ वर्षं अर्ज केल्यावर दोनच महिन्यांपूर्वी त्यांना थाटीपुरात सरकारी क्वार्टर मिळालं होतं आणि त्यात, घराच्या आत, नळ होता. पत्नी विजयाबाईंची नऊ वर्षं किला गेटच्या सार्वजनिक नळावर भांडण्यात गेली होती. नव्या घरात पाऊल टाकल्याबरोबर त्यांनी देवाच्या आधी नळाला हळदकुंकू वाहिलं आणि उगीचच अकरा वेळा तो उघडून बंद केला. त्या बाईला पुन्हा घागर घेऊन रांगेत उभं करायची मुकुंदरावांची छाती नव्हती.

मुलगी लीला हिच्या लहानपणी अंगाला लावायला आणलेला ऑलिव्ह तेलाचा डबा घरात होता. आता त्यात मोहरी असे. त्याच्या एका बाजूला इंग्रजी होतं आणि दुसऱ्या बाजूला स्पॅनिश. मुकुंदरावांनी कॉलममध्ये लिहिलं : स्पॅनिश, उत्तम.

पंधरा दिवसांनी साहेबांनी त्यांना बोलावलं. स्पेनमधल्या एका प्रदर्शनाला ग्वाल्हेरच्या वस्तू जायच्या होत्या आणि साठ इंग्रजी नावांचं स्पॅनिश करून हवं होतं.

"कल सुबह तक हो जाएगा ना?" साहेबांनी विचारलं.

"हो जाएगा," मुकुंदराव म्हणाले आणि यादी घेऊन बाहेर आले.

संध्याकाळी मोहरी ताटात ओतून डबा मधोमध ठेवला गेला. तेलाला 'आसेइते' म्हणतात एवढं डब्यावरून नक्की कळलं. तो शब्द मुकुंदरावांनी जसाच्या तसा उतरवून घेतला. उरले एकोणसाठ.

"लॅम्पो," मुकुंदराव लिहू लागले. "कार्पेटो. डॉलो."

"अहो, सगळ्यांना ओ लावलात तर शेंबडं पोरही पकडेल," विजयाबाई म्हणाल्या. "काही तरी वेगळं करा ना. सतरंजीला विश्वासो म्हणा."

"विश्वासो?"

"आमचे विश्वासदादा दिवसभर तिच्यावरच पडलेले असतात."

मुकुंदरावांनी मुकाट्यानं लिहिलं. मग विजयाबाईंना अडवणं कठीण झालं. घोंगडीला 'मंदाता', कारण मंदाताई वैशाखातही पांघरूण घेत. सदा वाजणाऱ्या घुंगरांना 'शालिनेरा', कारण शालिनीताई कधी गप्प बसत नसत. सासुरवाडीची बहुतेक माणसं रात्रीच्या जेवणापर्यंत स्पेनला पोचली.

"बाबा, एकदम असली वाटतंय!" लीला टाळ्या पिटत म्हणाली. "नानाकाकांचं नाव कशाला देऊ या?"

"छे छे! त्यांचे उपकार आहेत आपल्यावर," विजयाबाई म्हणाल्या आणि नळाकडे प्रेमानं पाहून घेतलं.

यादी टाइप झाली, तिच्यावर शिक्का बसला आणि साहेब इतके खूश झाले की त्यांनी ती जाणकाराकडून तपासून घ्यायचं ठरवलं. सगळ्या फॉर्मांतून शोधल्यावर आणखी एक स्पॅनिशवाले सापडले होते, इंदूरच्या कचेरीतले माधवराव. ते सोमवारच्या गाडीनं स्वतः येणार होते.

सोमवारपर्यंत मुकुंदराव अर्धे झाले. नोकरी जाणार, क्वार्टर जाणार, आणि कशामुळे गेलं ते सासुरवाडीला सांगावं लागणार!

माधवराव आले. उंच, गंभीर, पांढरंशुभ्र उपरणं. साहेबांच्या समोर बसून त्यांनी एकदम विचारलं, "पोरोना दे लातूरा?"

जे आठवलं ते मुकुंदराव बोलून गेले, "मंदाता, मंदाता. विश्वासो दे शालिनेरा."

माधवरावांनी मान डोलावली. साहेब थक्क होऊन दोघांकडे बघत राहिले. मग माधवरावांनी लाल पेन्सिल काढून यादी तपासायला घेतली. विश्वासो बरोबर. मंदाता बरोबर. एकेक खूण होत होती आणि मुकुंदरावांना काही कळेनासं झालं. अखेर पेन्सिल थांबली.

"हा एक शब्द चुकलाय," माधवराव म्हणाले. "आसेइते. असा शब्द स्पॅनिशमध्ये नाहीच." त्यांनी तो खोडून वर लिहिलं, 'ऑइलो'.

मुकुंदराव बघतच राहिले. साठातला तेवढा एकच शब्द खरा होता! त्यांनी नीट निरखून पाहिलं तेव्हा माधवरावांचं उपरणं गळ्यापाशी घामानं भिजलेलं दिसलं. मुकुंदरावांना इतका आनंद झाला की त्या माणसाच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

"माझीच चूक," ते नम्रपणे म्हणाले.

व्हरांड्यात आल्यावर माधवरावांनी त्यांचा हात घट्ट धरला. "सांभाळून घ्या हो. घरी म्हातारी आई आहे, इंदूर सोडायला तयार नाही."

"आमच्याकडे नळ आहे," मुकुंदराव म्हणाले, आणि दोघांना एकमेकांचं सगळं समजलं. तिथंच उभ्या उभ्या त्यांनी एकमेकांना शिफारसपत्रं लिहून दिली. आता कंजूषी कशाला, म्हणून दोघांनीही 'असा जाणकार देशात दुसरा नाही' असं लिहिलं.

महिन्याभरानं हुकूम आले. एवढं असामान्य ज्ञान जिल्ह्याच्या गावी वाया घालवणं योग्य नसल्यानं भोपाळला स्पॅनिश शाखा उघडण्यात येत होती. कर्मचारी दोन : मुकुंदराव आणि माधवराव. हजर व्हायची मुदत आठ दिवस.

इतरांना सल्ले देण्याच्या नादात नानांचा स्वतःचा कॉलम मात्र रिकामाच राहून गेला होता. भोपाळला काही उपयोग नाही असा शेरा मारून त्यांना ग्वाल्हेरलाच ठेवलं होतं. रिकामं होणारं थाटीपुरातलं क्वार्टरही त्यांनाच मिळालं होतं.

जागा बघायला ते त्याच संध्याकाळी आले. विजयाबाईंनी चहा दिला. नानांनी नळ दोनदा उघडून बंद केला.

"धार काय छान आहे हो वहिनी! भोपाळला पाण्याची जरा तकलीफ आहे म्हणतात."

ते गेल्यावर विजयाबाई ट्रंकेत भांडी भरायला बसल्या आणि ती जरा जास्तच वाजत होती.

"आई," लीलानं हळूच विचारलं, "नळाला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात गं?"

"नानो," विजयाबाई दातओठ खात म्हणाल्या.

मुकुंदरावांनी खिशातून यादी काढली आणि एकसष्टावा शब्द लिहून घेतला.