सगळ्यांचं पहिलं स्थळ

बाजारात जे तयार मिळतं ते घरी करत बसायचं नाही, हा भिमाजी पगारे यांचा नियम होता. पापड तयार, मसाला तयार, शर्टसुद्धा तयार. शर्टाच्या बाह्या बोटांच्या टोकापर्यंत यायच्या. भिमाजी त्या दुमडून वर सारायचे आणि म्हणायचे, "बघ, शिंप्याकडच्या खेपा वाचल्या." त्यांची बायको सिंधुबाई त्या दुमडलेल्या बाह्यांकडे बघायची आणि गप्प राहायची. सिंधुबाई गप्प राहिली की समजायचं, ती बोलणार आहे. आत्ता नाही, एवढंच.

नाशिकरोडला स्टेशनपासून जवळ भिमाजींची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. तिच्याच मागच्या खोलीत दोघं नवराबायको बौद्ध समाजासाठी वधू-वर सूचक केंद्र चालवत. खरं सांगायचं तर चालवायची सिंधुबाई. भिमाजी पावत्या फाडायचे. खोलीच्या दारावर तिने स्वतः ब्रशने रंगवलेली पाटी होती : 'येथे पत्रिका पाहिली जात नाही.' ओळ शेवटी जरा उताराला लागली होती, पण मजकूर ठाम होता.

१९८८ साली अर्ज इतके वाढले की लोखंडी कपाटाचं दार लागेना. तेव्हा भिमाजींनी कॉम्प्युटर आणला. काळा पडदा, हिरवी अक्षरं, शेजारी करकरणारा प्रिंटर. टायपिंगची मुलं त्याला लांबूनच नमस्कार करून जायची. यंत्र तर आलं, पण स्थळं जुळवायला त्याला शिकवणार कोण? इथे घरात दोन पक्ष पडले.

सिंधुबाईचा पक्ष म्हणजे पॉलिटेक्निकात शिकवणारे निवृत्ती दोंदे सर. सर म्हणाले, "प्रोग्राम मी लिहून देतो. पण आधी तुमचं काम मला समजलं पाहिजे. एखादा मुलगा तुम्ही नापसंत करता, तो कशावरून?"

"ते हिला विचारा," भिमाजी म्हणाले.

"समोर बसला की कळतं," सिंधुबाई म्हणाली.

"नेमकं काय बघता?"

"पाणी पिऊन झाल्यावर तांब्या कुठे ठेवतो ते."

सरांनी वहीत 'तांब्या' असं लिहिलं आणि बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आठ महिने लागतील."

"आठ महिन्यांत मूल होतं," भिमाजी म्हणाले.

"नऊ लागतात," सिंधुबाई म्हणाली.

भिमाजींच्या पक्षाचं नाव रंगनाथ. हा मुंबईच्या एका कंपनीचा टाय लावलेला विक्रेता. त्याच्या बॅगेत वधू-वर केंद्रांसाठीचं तयार पॅकेज होतं. फ्लॉपी आत घाला, नावं भरा, जोड्या बाहेर. सिंधुबाईने विचारलं, "हे आमच्या लोकांना चालेल का?"

"बाई, लग्न ते लग्न," रंगनाथ म्हणाला.

"मग आधी चालवून दाखवा."

त्याने फ्लॉपी आत सरकवली आणि नाशिकरोडची वीज गेली. वीज येण्याची चिन्हं दिसेनात. रंगनाथला मुंबईची गाडी गाठायची होती, आणि भिमाजींना दोंदे सरांचा तांब्या टाळायचा होता. सौदा मेणबत्तीच्या उजेडात झाला.

त्याच आठवड्यात सिंधुबाईची धाकटी बहीण चांगुणा जेवायला आली. चांगुणा आढाव ही एका दवाखान्यात नर्स होती, तिशी ओलांडलेली, सरळ बोलणारी. तिला पाहायला पुष्कळ जण येऊन गेले होते आणि जवळजवळ सगळ्यांनी एकच विचारलं होतं : रात्रपाळी सोडाल का? ती नाही म्हणायची, आणि मंडळी पोहे संपवून निघायची. आजवर लोकांची शेकडो लग्नं जमवणाऱ्या सिंधुबाईला पाठच्या बहिणीचं एक जमवता आलं नव्हतं. त्या एका विषयावर तिचा आवाज खाली यायचा.

"दाजी, जानेवारीतल्या वधू-वर मेळाव्याला येते," चांगुणा म्हणाली. "पण तो शेवटचा. त्यानंतर मला कुणापुढे बसवायचं नाही. ताई, तुलाही सांगून ठेवते."

सिंधुबाईने भाकरी उलटली. ती काही बोलली नाही, आणि या वेळी ती नंतरही बोलणार नव्हती, हे भिमाजींच्या लक्षात आलं.

"यंत्र तुझं स्थळ काढून देईल," ते म्हणाले. "माझा शब्द."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज भरायला घेतले. नाव झालं, शिक्षण झालं, नोकरी झाली. मग पडद्यावर प्रश्न आला : नक्षत्र? भिमाजींनी ती जागा कोरी ठेवून पुढे जायचा प्रयत्न केला. यंत्र टूं करून ओरडलं आणि पुन्हा नक्षत्रावर येऊन बसलं. भिमाजींनी 'नाही' लिहिलं. टूं. 'मानत नाही' लिहिलं. टूं. तेवढ्यात चहा घेऊन सिंधुबाई आली, तर त्यांनी पडद्यावर पंचा टाकला.

"काय विचारतंय ते एवढं ओरडून?"

"काही नाही. नाव, गाव."

ती गेल्यावर त्यांनी मुंबईला फोन लावला. रंगनाथ म्हणाला, "पगारे साहेब, काहीही टाका हो. त्याला जागा भरलेली पाहिजे, बाकी त्याला काय कळतंय?"

भिमाजींनी झाडून सगळ्यांना एकच नक्षत्र देऊन टाकलं. भांडण नको, भेदभाव नको. मग जोड्या काढायचं बटण दाबलं. यंत्राने विचार केला आणि उत्तर दिलं : विवाह वर्ज्य. पुढची जोडी, वर्ज्य. त्याच्या पुढची, वर्ज्य. एकाच नक्षत्राची जोडी त्याच्या शास्त्रात बसत नव्हती. इगतपुरीपासून मनमाडपर्यंत कुणाचंच कुणाशी लग्न होऊ शकत नाही, असा निकाल देऊन यंत्र मोकळं झालं. जिल्ह्यातला समाज एका पिढीत संपणार, या विचाराने भिमाजींना थंडीत घाम फुटला.

परत मुंबई. "सोपं आहे," रंगनाथ म्हणाला. "मुलींना सगळ्या रोहिणी टाका, मुलांना मृग. मस्त जमतं."

आणि खरंच जमलं. उत्तम, उत्तम, उत्तम. प्रत्येक मुलगी प्रत्येक मुलाला उत्तम. प्रिंटर दोन दिवस करकरत होता. इतक्या आनंदाची बातमी इतक्या भराभर देणारं यंत्र भिमाजींनी पाहिलं नव्हतं. गुण सगळ्यांचे सारखेच आल्यामुळे यंत्राने नावं आडनावांच्या इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने छापली आहेत, ही गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली नाही.

मेळावा शाळेच्या सभागृहात होता. दारातच प्रत्येकाच्या हातात त्याच्या स्थळांचा लांब कागद पडत होता. भिमाजींनी माईक धरून सांगितलं की आता माणसाच्या अंदाजाचे दिवस गेले, आता शास्त्र आलं. कागदांची सळसळ झाली. जो तो हसत होता. एकही माणूस 'आमचं काही आलं नाही' म्हणाला नाही. भिमाजींनी अभिमानाने बायकोकडे बघितलं. सिंधुबाई एक कागद वाचत होती. मग तिने शेजारणीचा घेतला. मग तिसरा.

तोवर सभागृह दोन बाजूंना कलंडलं होतं.

एका बाजूला पुंजाराम अहिरे. हा इगतपुरीला रेल्वेत होता. घाट चढून आलेल्या गाडीचं मागचं इंजिन सोडवण्याचं त्याचं काम. स्वभाव असा लाजरा की गार्डशीही तो शिट्टीनेच बोलायचा. मुलांमध्ये त्याचं नाव यादीत सगळ्यात आधी, म्हणून प्रत्येक मुलीच्या कागदावर पहिलं स्थळ पुंजाराम. तीसएक मुलींच्या बापांनी त्याला खुर्चीसकट घेरलं. एकाने त्याच्या हातात चहा दिला, दुसऱ्याने तो काढून आपला दिला, तिसरा क्वार्टरला पाणी किती वेळ येतं ते विचारू लागला.

"काय रं पुंजा, काय करून ठिवलं तू?" त्याची आई भागीबाई घाबरून म्हणाली. ती घोटीकडची.

"मी काय बी नाय केलं आई. नुसता बसलोय."

दुसऱ्या बाजूला मुलींमध्ये पहिलं नाव आढाव, चांगुणा. प्रत्येक मुलाची आई हातात कागद घेऊन तिच्यापुढे उभी. गर्दी बघून चांगुणातली नर्स जागी झाली. "रांग लावा," ती म्हणाली. "एकेकाने या. हां, पुढचा." चौथ्या की पाचव्या बाईने तिला रात्रपाळी सोडाल का म्हणून विचारलं, तेव्हा तिने बहिणीकडे एकदाच बघितलं. त्या बघण्यात 'झालं का समाधान?' एवढंच होतं.

मग मल्हारी केदारे उभे राहिले. देवळालीचे, साधे, उंच गृहस्थ. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "पगारे साहेब, ह्या पोराचं नाव सगळ्यांच्याच कागदावर पहिलं आहे, ते असू द्या. पण माझ्या मुलीच्या नावापुढे हे रोहिणी नक्षत्र लिहिलंय. ते कोणी ठरवलं?"

जो तो आपल्या कागदावर नक्षत्र शोधू लागला. 

"माझ्या बापाने हे सगळं घराबाहेर काढलं," केदारे म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "त्यासाठी गावाशी वैर घेतलं. तुमच्या दारावरची पाटी वाचून मी तुमच्याकडे आलो. आणि आत तुम्ही आम्हाला परत नक्षत्रात बसवलं?"

भिमाजींनी माईक तोंडाशी नेला.  तेवढ्यात कोणीतरी तो माईक त्यांच्या हातातून अलगद काढून घेतला.

"केदारे दादा बरोबर बोलतायत," सिंधुबाई म्हणाली. "रोहिणी आमच्या ह्यांनी ठरवली. सगळ्या मुलींना रोहिणी आणि सगळ्या मुलांना मृग. यंत्र अडून बसलं होतं, ह्यांनी त्याला वाट करून दिली. चूक आमच्या घरची आहे. केंद्राच्या वतीने मी माफी मागते."

एवढ्या वर्षांच्या संसारात भिमाजींना ही एक गोष्ट कधी साधली नव्हती : चूक कबूल करायची आणि तरी ताठ उभं राहायचं. तिने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. 'मी सांगत होते' असं ती तेव्हा म्हणाली नाही, आणि पुढेही कधी म्हणाली नाही. म्हणाली असती तर भिमाजींना बरं वाटलं असतं.

"आता तो कागद उलटा करा," ती म्हणाली. "मागची बाजू कोरी आहे. जोडीदाराला तुम्हाला जे खरोखर विचारायचंय, तो एक प्रश्न लिहा आणि इथे आणून द्या. मुलामुलींनीच लिहायचं. आईबापांनी हात खिशात ठेवायचे."

कोणीतरी हसलं. मग पेनांची शोधाशोध सुरू झाली. केदाऱ्यांनी आपलं पेन मुलीला दिलं आणि खाली बसले. बघता बघता टेबलावर कागदांचा ढीग झाला. सिंधुबाई एकेक उचलून मोठ्याने वाचू लागली. लग्नानंतर बी.एड. करू द्याल का? माझा धाकटा भाऊ माझ्याकडेच राहील, चालेल का? मला स्वयंपाक येतो, हे घरात कुणाला कळलं तर हसतील का? हा प्रश्न एका मुलाचा होता आणि त्याला टाळ्या पडल्या.

मग तिने एक कागद उचलला आणि तिचा आवाज खाली आला. "रात्रपाळी चालेल का?" तिने वर बघितलं. "चांगुणा, बाई, हे तू..."

"ते माझं नाही," चांगुणा मागून म्हणाली. "मी अजून लिहितेच आहे."

सगळे इकडेतिकडे बघू लागले. बापांच्या गराड्यातून एक हात हळूच वर आला, चहाच्या कपासकट. "माजं हाय ते," पुंजाराम म्हणाला. "दोन मुलींनी त्याच्यावरनं नाय म्हणून सांगितलं. गाड्या काय, रातच्यालाच जास्त."

चांगुणाने पेनाचं टोपण लावलं. "मला चालेल," ती म्हणाली. "माझीही असते."

"दोघं बी रातचं कामावर, मंग घरात कोन?" भागीबाईने विचारलं.

"तुम्ही आहात की," सिंधुबाई म्हणाली.

भागीबाईने विचार केला. "व्हय, मी हाय," असं म्हणून ती समाधानाने बसली.

मे महिन्यात लग्न झालं. पांढऱ्या साडीतली चांगुणा हसत होती. सिंधुबाई हारांच्या टोपलीमागे उभी राहून रडत होती आणि कोणी बघितलं की फुलं वेचल्यासारखं करत होती. भिमाजींनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

दोंदे सरांनी तो उलट्या कागदांचा ढीग घरी नेला आणि त्यातल्या प्रश्नांवरून प्रोग्राम लिहायला बसले. आता घरात एकच पक्ष होता. आठ महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाचं आणखी काही झालं, पण भिमाजी एका शब्दाने बोलले नाहीत. शेवटी सर फ्लॉपी घेऊन आले. नक्षत्राचं नाव नव्हतं, तांब्यालासुद्धा जागा केली होती. भिमाजींना ते सगळं बघून बायकोचं फार कौतुक वाटलं, आणि थोडं सरांचंही.

"पहिली चाचणी जमलेल्या जोडीची घेऊ," सर म्हणाले. "म्हणजे प्रोग्राम बरोबर आहे की नाही ते कळेल."

त्यांनी पुंजारामची माहिती भरली, चांगुणाची भरली आणि बटण दाबलं. यंत्राने विचार केला. मग हिरवी अक्षरं उमटली : जोडी जुळत नाही. कारण, दोघांचीही रात्रपाळी.

सरांनी चष्मा काढून पुसला. भिमाजींनी तोंड उघडलं. दीड वर्षांत प्रथमच त्यांच्याकडे बोलायला काहीतरी होतं. त्यांनी बायकोकडे बघितलं.

सिंधुबाईने पडद्यावरची ओळ दोनदा वाचली. "प्रोग्राम चांगला झालाय, सर," ती म्हणाली. "फक्त इगतपुरीला कोणी कळवू नका. बरं चाललंय त्यांचं."