खुर्चीपुढची सुनावणी

आमदारांविरुद्धच्या गैरवर्तनाच्या तक्रारी यापुढे त्यांच्याच खुर्च्या ऐकतील, असा नियम नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात लागू झाला. आधी या तक्रारी आमदारांचीच समिती ऐकायची. समितीत चहा यायचा आणि तक्रार करणारीची बदली व्हायची.

नव्या नियमाखाली पहिली तक्रार अलका डोंगरदिवेने केली. ती आमदार पुंडलिकराव गोहाडांची स्वीय सहायक. सुनावणीच्या दिवशी दोन शिपायांनी गोहाडांच्या कार्यालयातली खुर्ची उचलून आणली आणि टेबलामागे ठेवली.

"बाई, सावकाश सांगा," खुर्ची म्हणाली.

अलका टेबलापुढे आली. "साहेब मजकूर सांगता सांगता खांद्यावर हात ठेवतात. परवा दाराला कडी घातली. मी ओरडले, तर म्हणाले, नोकरी नकोय का?"

"साफ खोटं!" गोहाड उसळले. "आणि या खुर्चीचा माझ्याबद्दल पूर्वग्रह आहे."

"पूर्वग्रह नाही, अनुभव आहे," खुर्ची शांतपणे म्हणाली. "कडी घालून तुम्ही माझ्यावर बसलात आणि मला हिच्याकडे सरकवत नेलंत. मी कुरकुरले. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला तेल घातलंत."

"मला काजूकतली पाठवली होती," अलका म्हणाली.

"नोंद घ्या," खुर्चीने लिपिकाला सांगितलं.

निकाल तिथेच लागला. गोहाडांना राज्यात कुठेही बसता येणार नाही. इतर खुर्च्यांना तसं कळवण्यात आलं. दुसऱ्या दिवशी सभागृहातलं आसन त्यांना पाहून मागे सरकलं. गाडीतली सीटही ऐकेना, तेव्हा ते आमदार निवासापर्यंत पायी गेले. मजकूर सांगायला ते आता दारातच उभे राहत, दार सताड उघडं ठेवून. अलका आत बसून टाइप करी. खांदे आखडून घ्यायची सवय मात्र तिची लगेच जाईना.

आठवडाभरात काही सदस्यांनी हा नियम रद्द करण्याचा ठराव आणला. प्रत्येक पक्षाचा त्याला आतून पाठिंबा होता. अलका धास्तावून प्रेक्षकांच्या सज्ज्यात येऊन बसली.

"ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी जागेवर उभं राहावं," अध्यक्ष म्हणाले.

सभागृहात बारीकशी करकर झाली. सदस्यांनी आपापल्या आसनाचे हात घट्ट धरले. एकदा उठल्यावर परत बसू दिलं जाईल की नाही, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. कुणी हललं नाही.

फक्त गोहाड उभे होते.

"बाजूने एक," अध्यक्षांनी मोजलं. "ठराव फेटाळण्यात येत आहे."