ब्रेकवरचा पाय

रविवारी सकाळी दात घासता घासता जावयाने हिशोब मांडला, तेव्हा जमेच्या बाजूला चार कलमं निघाली. एक, सासऱ्यांच्या गाडीची किल्ली कायमची आपल्या खिशात. दोन, गॅरेजवाल्याची मजुरी वाचणार, शिवाय त्याचं ते तुसडं 'बुधवारी बघू' त्याच्याच तोंडावर परत मारता येणार. तीन, विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासणाऱ्या माणसाला 'कागद कुरतडणारा' म्हणायची सासऱ्यांची अकरा वर्षांची सवय सुटणार. चौथं कलम त्याने स्वतःशीसुद्धा मोठ्याने वाचलं नाही: या माणसाच्या तोंडून एकदा तरी 'बरं केलंत' ऐकायचं होतं.

खर्चाच्या बाजूला त्याने एक रविवार आणि एक जुना शर्ट धरला. दिवसभर दुसऱ्यांचं नुकसान कमी करून दाखवणाऱ्या माणसाला स्वतःचंही कमीच दिसतं.

भांडण आठ दिवसांचं होतं. गाडी वळणावर टकटक करायला लागली होती. गॅरेजवाल्याने खाली वाकून बघितलं आणि सांगितलं की इंजिनाची ताकद पुढच्या चाकापर्यंत नेणारा दांडा, म्हणजे अॅक्सल, डाव्या बाजूचा संपलाय. त्याचं रबरी टोपण फाटून ग्रीस उडून गेलंय. जावयाने ताबडतोब शोध लावला की महिन्यापूर्वी सासऱ्यांनी गाडी फुटपाथवर चढवली तेव्हाच ते फाटलं, आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाने आता मागच्या सीटवर बसावं.

सासरे चाळीस वर्षं कारखान्यात फोरमन होते. बायको गेल्यावर ते लेकीकडे राहायला आले तेव्हा सोबत फक्त दोन वस्तू आणल्या: ही गाडी आणि हत्यारांची पेटी. रोज सकाळी दहाला ते गाडी काढून नदीपलीकडच्या मित्राकडे बुद्धिबळ खेळायला जात आणि बाराला हरून परत येत. दिवसातले तेवढे दोन तास त्यांचे स्वतःचे होते. किल्ली गेली की तेही जाणार होते, हे जावयाला दिसत नव्हतं आणि सासऱ्यांना बोलून दाखवायचं नव्हतं. त्यामुळे दोघंही नुसते चिडत होते.

शनिवारी जेवणाच्या टेबलावर सासऱ्यांनी हात धुवायच्या आधीच निकाल लावला. "किल्ली हवी ना तुम्हाला? घ्या. पण आधी तो अॅक्सल स्वतःच्या हातांनी बदला. उद्या संध्याकाळी पाचच्या आत."

"बदलतो. पण तुम्ही मध्ये बोलायचं नाही. पाच वाजेपर्यंत एक शब्द नाही."

"शब्द कसला, हूं सुद्धा म्हणणार नाही."

"आणि बोललात तर?"

"तर किल्ली तशीच न्या."

लेक दोघांच्या मधोमध बसून ऐकत होती. ती इस्पितळाच्या क्ष-किरण विभागात होती. दिवसभर लोकांना 'श्वास रोखा, हलू नका' सांगायचं तिचं काम. तिथे सगळे ऐकत, घरी कुणीच नाही. पहाटेची पाळी असली की ती सव्वापाचची बस धरत असे. त्या घरात गाडी चालवायचा एक तिसरा परवानाही होता, कपाटात, वॉशिंग मशीनच्या गॅरंटी कार्डाखाली. पण वाद दोनच परवान्यांचा चालला होता, म्हणून तिला कुणी काही विचारलं नाही.

रविवारी नऊला सासऱ्यांनी गाडीपासून सहा फुटांवर लोखंडी खुर्ची टाकली, मांडीवर एक पाना ठेवला आणि ओठ मिटून बसले. जावयाने आदल्या रात्री मोबाइलवर तीन व्हिडिओ बघितले होते. तिन्हींत काम अकरा मिनिटांत संपलं होतं.

त्याने गाडीचं नाक जॅकवर उचललं, चाक काढलं, मधल्या मोठ्या नटाला पाना लावला आणि जोर केला. नट फिरला. त्याच्याबरोबर मागची अख्खी चकतीही फिरली. त्याने पुन्हा जोर केला. पुन्हा दोघं मिळून फिरले.

टक.

सासऱ्यांनी पाना खुर्चीच्या हातावर एकदा आपटला होता.

"हे काय?" जावई म्हणाला.

सासऱ्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. ते उघड्या दारातून ब्रेकच्या पेडलकडे बघत राहिले.

"थांब म्हणतायत," लेक पायरीवरून म्हणाली. "चकती फिरते म्हणून नट सुटत नाहीये. कुणीतरी ब्रेक दाबायला हवा. आणि जॅकखेरीज खाली स्टँडही लाव, नाहीतर गाडी अंगावर घेशील."

"त्यांनी एवढं सगळं म्हटलं? एका टकमध्ये?"

एका टकचा अर्थ फक्त 'थांब' होता. बाकीचं तिने बापाच्या डोळ्यांवरून लावलं होतं. कारखान्यातल्या गोंगाटात माणसाचा आवाज पोचत नसे, म्हणून फोरमन लोखंडावर पाना वाजवून हुकूम सोडत. एक टक म्हणजे थांब. दोन म्हणजे लाव जोर. तीन म्हणजे हात काढ आणि बाजूला हो. ही भाषा त्यांनी घरीही आणली होती. लेकीचं सगळं बालपण ताटाच्या कडेवर वाजणाऱ्या चमच्यावर गेलं होतं: एक, बडबड बंद, दोन, पानातलं संपव, तीन, ऊठ. त्यामुळे तिला बापाचा स्वभाव शब्दांपेक्षा टकटकीतून जास्त कळायचा.

जावयाच्या मते मात्र ही शुद्ध फसवणूक होती. "बोलायचं नाही ठरलंय," तो म्हणाला.

सासऱ्यांनी आपल्या मिटलेल्या ओठांवरून एक बोट फिरवून दाखवलं.

"मग तूच बस आत," जावई बायकोवर उखडला. "दाब ब्रेक. मी सांगेपर्यंत पाय काढायचा नाही."

स्टीअरिंग मोकळं राहावं म्हणून किल्ली गाडीतच लावलेली होती. लेक बसली, पाय दाबला. जावयाने सगळं अंग पान्यावर टाकलं. नट ढिम्म हलला नाही. पान्याचा दांडा लांब करायला हवा, एवढं व्हिडिओत होतं. तो तावातावाने घरात गेला आणि हॉलमधल्या पडद्याची पोकळ नळी पडद्यासकट घेऊन आला.

टक.

"दुर्लक्ष करतोय मी," असं म्हणून त्याने नळी पान्यावर चढवली आणि लटकला. नळी शांतपणे वाकली आणि तिने त्याला जमिनीवर बसवलं. हॉलमध्ये रस्त्याचं ऊन आलं आणि येणारे-जाणारे आत बघायला लागले.

"पेटीच्या मागे बाबांचा जाड पाइप आहे, तो आण," लेक गाडीतून म्हणाली.

टक टक.

"आता हे काय?"

"लाव जोर म्हणतायत."

त्या पाइपने नट सुटला. सासऱ्यांचा पाइप, सासऱ्यांची टकटक आणि बायकोचं भाषांतर. हे तिन्ही जावयाच्या डोक्यात एकदमच गेलं. पुढचं सगळं आपण एकट्याने, कुणाचंही न ऐकता करायचं, असं त्याने ठरवलं. म्हणून चाकाचा सांधा सोडवून अॅक्सल बाहेर ओढायच्या वेळी टक वाजला, तेव्हा तो आणखी जोरात ओढायला लागला.

"थांब. मधे धरून ओढू नकोस, मुळापासून उचकटायचं असतं," लेक म्हणाली.

"तू ब्रेककडे लक्ष दे."

अॅक्सल निघाला, पण अर्धा. आतला सांधा उघडून अर्धा भाग गिअरबॉक्समध्येच राहिला आणि उरलेला, काळ्या ग्रीसच्या गोळ्यासकट, जावयाच्या छातीवर आला. खर्चात धरलेला जुना शर्ट तेव्हाच खर्ची पडला. राहिलेला भाग त्याने संतापाने उचकटला, तसं भोकातून गिअरचं ऑइल वाहायला लागलं. हाताशी लागला तो टब त्याने खाली सरकवला. आठ तास उभं राहून आल्यावर लेक ज्यात गरम पाणी घालून पाय बुडवून बसायची, तोच तो टब होता. तिने आरशातून बघितलं आणि ब्रेक आणखी दाबला. नवरे मंडळींनी अशा वेळी आरशाकडे बघायला शिकायला हवं.

तोपर्यंत दीड वाजला होता. तिने दोनदा विचारलं होतं की आता पाय काढू का. दोन्ही वेळा गाडीखालून न ऐकताच उत्तर आलं होतं: "हलू नकोस." आता ब्रेकची काही गरज नाही, हे तिला आणि खुर्चीवरच्या माणसाला पक्कं माहीत होतं. पण काढला आणि काही बिघडलं, तर दोघंही तिच्याकडे बोट दाखवतील हेही तिला तेवढंच पक्कं माहीत होतं. ती बसून राहिली. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही.

नवा अॅक्सल आत ठोकताना दोन टक आले, आणि जावयाने मुद्दाम ऐकू न आल्यासारखं करून नेमका तेव्हाच जोर लावला. मग चाकाचा सांधा जागेवर आणायचा होता. त्यासाठी पाइपने खालचा दांडा दाबून धरायचा आणि दुसऱ्या हाताने सांधा भोकात सरकवायचा. पाइप थरथरायला लागला.

टक टक टक.

"हात काढ," लेक म्हणाली. "लगेच काढ."

"तुम्ही बाप-लेक मिळून मला आज," जावई म्हणाला, आणि त्याचं वाक्य तिथेच राहिलं, कारण पाइप सुटला होता आणि सांध्यात अंगठा होता.

नंतरची पंधरा मिनिटं तो जे बोलला ते विमा कंपनीच्या कुठल्याही अर्जात बसणारं नव्हतं. सासरे खुर्चीतून अर्धवट उठले, त्यांनी तोंड उघडलं, किल्ली आठवली आणि मिटलं. मग त्यांनी खिशातला रुमाल काढून जावयाकडे फेकला. जावयाने तो अंगठ्याला गुंडाळला, थँक्यू म्हणायचं टाळलं आणि पुन्हा गाडीखाली गेला.

पण त्यानंतर त्याने एकही टक वाया घालवला नाही. एक वाजला की थांबला, दोन वाजले की दाबलं. भाषांतराचीही गरज उरली नाही. डोकं तापलेलंच होतं, हात मात्र ऐकायला लागले. चार पन्नासला शेवटचा नट बसला, नवं ऑइल भरलं गेलं, गाडी चारही पायांवर उभी राहिली. लेक अजून आतच होती, पाय ब्रेकवर.

जावई हात पुसत उभा राहिला. "झालं. द्या किल्ली."

सासऱ्यांनी मनगटावरचं घड्याळ त्याच्यासमोर धरलं. दहा मिनिटं दोघं एकमेकांकडे बघत तसेच उभे राहिले. काटा पाचवर गेला आणि आठ तास अडवलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"कसली किल्ली? मी नसतो तर तुम्ही अजून चकती फिरवत बसला असतात. डोकं माझं वापरलंत."

"बोलायचं नाही ठरलं होतं. तुम्ही दिवसभर बोललात, फक्त तोंड सोडून."

"एक शब्द दाखवा."

"हातांनी बदला म्हणालात, माझ्या हातांनी बदलला. हा अंगठा बघा."

"अंगठा माझं न ऐकल्यामुळे गेला. तो तुमच्या खात्यात."

आवाज चढत गेले. जावयाने फुटपाथ काढला, सासऱ्यांनी पडद्याची नळी काढली. उघड्या हॉलमध्ये डोकावणाऱ्या रस्त्यावरच्या चार जणांना पूर्ण भांडण फुकटात मिळालं. दोघंही बॉनेटसमोर उभे राहून एकमेकांच्या तोंडासमोर बोट नाचवत होते, तेव्हा काच खाली आली.

"हात तुझे," लेक नवऱ्याला म्हणाली. "डोकं बाबांचं. मान्य. पाय कुणाचा?"

दोघांनी आधी एकमेकांच्या पायांकडे बघितलं. खरं तर प्रश्नच नीट कळला नव्हता.

"सकाळपासून ब्रेकवर पाय कुणाचा आहे?"

तिने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं.

"अगं, तू?" जावई म्हणाला.

"पोरी, क्लच हळू सोड," सासरे म्हणाले.

तिने हॉर्न वाजवला. एकदा, दोनदा, तीनदा.

दोघांनीही हात काढले आणि बाजूला झाले. विचार न करता, एकाच वेळी. एकाने चाळीस वर्षांच्या सवयीने, दुसऱ्याने त्या दिवशीच्या अंगठ्याने. गाडी फाटकातून बाहेर पडली, डावीकडे पूर्ण वळली आणि मग कोपऱ्यावर उजवीकडे. दोघंही फाटकाशी मान लांब करून ऐकत होते.

"आवाज नाही," सासरे म्हणाले.

"म्हणजे?"

सासरे खुर्चीकडे वळले. "म्हणजे बरं केलंत," ते चिडूनच म्हणाले आणि खुर्ची उचलून आत गेले.

ती साडेआठला परत आली. किल्ली तिच्या पर्समध्ये होती आणि ती पर्स उशाशी घेऊन झोपली. आता पहाटेच्या पाळीला गाडी जाते. दुपारची पाळी असली तर ती सकाळी सासऱ्यांना नदीपलीकडे आणि जावयाला ऑफिसला सोडते. दोघं मागच्या सीटवर बसतात. पहिल्याच दिवशी चौकात सासऱ्यांनी बोटाच्या पेराने काचेवर एक टक वाजवला, आणि जावई 'सिग्नल' एवढंच म्हणाला. तिने आरशातून बघितलं.

"हलू नका," ती म्हणाली. ज्या आवाजात ती रोज दोनशे लोकांना सांगते, त्याच आवाजात. नदीच्या पुलापर्यंत दोघांनी श्वाससुद्धा जपून घेतला.

शेवटचा हिशोब असा लागला: पडद्याची नळी, टब, शर्ट आणि अंगठ्याचं नख जावयाकडून गेलं, चारपैकी मजुरी आणि चौथं कलम एवढंच जमा झालं, चौथं तिखट लावून. सासऱ्यांकडून किल्ली गेली. बुद्धिबळ राहिलं, पण लेकीच्या पाळीनुसार. लेकीकडून एका रविवारचा एक पाय गेला होता, आणि त्याची भरपाई दोघं अजून मागच्या सीटवरून करतायत: दर फेरीला वीस मिनिटं, तोंड बंद ठेवून.