बहुमताने अखंडित वीज

ढग आले की वीज जाते, असा एक अशास्त्रीय समज आमच्या विभागात पसरला होता. वस्तुस्थिती एवढीच, की ढग आले की सौरप्रकल्प विश्रांती घेई, नेमका तेव्हाच वारा पडे आणि पवनचक्क्याही त्याला सोबत देत. वीज कार्यालयाच्या भाषेत हा 'निसर्गाशी समन्वय' होता. त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

तक्रार होती ती फक्त आत्याबाईंची. साऱ्या गल्लीच्या या आत्याबाई यंत्रात कोंबडीची अंडी उबवायच्या. वीज गेली की यंत्र गार आणि अंडीही गार. मागची खेप अशीच वाया गेली होती. आता पुढची खेप लावायची, तर आत्याबाईंचा जीव टांगणीला लागला होता.

अभियंतासाहेब जातीने चौकशीला आले. वीज गेलेलीच होती, पण आत्याबाईंचं घर वगळता घरोघरी इन्व्हर्टर असल्याने दिवे लागले होते, पंखे फिरत होते. साहेबांनी गल्ली जमवली आणि ज्यांच्याकडे वीज आहे त्यांना हात वर करायला सांगितलं. आत्याबाई सोडून सगळ्यांनी केले.

"अहो साहेब, मीटर तर बघा. बंद पडलाय," आत्याबाई म्हणाल्या.

"मीटरचं वैयक्तिक मत आहे ते. आम्हाला बहुमत बघावं लागतं."

हात मोजून तसा ठराव झाला आणि तो वरच्या कार्यालयात गेला. वीज अखंडित असल्याचं सिद्ध झाल्यामुळे ढगाळ दिवसांसाठी राखून ठेवलेलं वीजकेंद्र अनावश्यक ठरवून बंद करण्यात आलं. वीज जास्त वेळ जाऊ लागली, तशा लोकांनी मोठ्या बॅटऱ्या घेतल्या. मग वीज आली रे आली की साऱ्या बॅटऱ्या एकदम तिच्यावर तुटून पडत आणि ती पुन्हा जाई. विभागाला विश्वासार्हतेचा पुरस्कार मिळाला.

पुरस्काराच्या दिवशीही आभाळ भरून आलं होतं. आत्याबाईंच्या ताज्या खेपेची पिल्लं आतून टोचू लागली होती; अंड्यांची टोपली पदराखाली धरून त्या दारोदार फिरल्या. यंत्रापुरती एक वायर द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. शेजारच्या वहिनींनी टीव्हीचा आवाज कमी करून अगदी आपुलकीने सांगितलं, "दिली असती हो, पण बॅटरी उतरेल ना. सोहळा दाखवतायत."

संध्याकाळपर्यंत टोपलीतलं टोचणं थांबलं. फार वाईट झालं ते.

साहेब मात्र पुढच्या ठरावाच्या तयारीला लागले आहेत. तुमचा पंखा फिरतोय ना? मग करा हात वर.